मास्तरांची बसून वाजवायची चाल

पनवेलच्या कोळीवाड्यात दयाराम तांडेलइतका संशयी माणूस दुसरा नव्हता, आणि आपण संशयी आहोत असा संशय मात्र त्याला कधी आला नाही. दूधवाल्याने कॅन खाली ठेवला की दयाराम आधी त्याच्या हाताकडे बघायचा, मग दुधाकडे. एस.टी. स्टँडवरून उरणची गाडी सुटली की कंडक्टरने आपल्याला पाहूनच घंटी मारली, असं तो शपथेवर सांगायचा. शेजारच्या घरात कोणी मोठ्याने हसलं की याचा घास हातात राहायचा. त्याची बायको मालू बाजारात मासे विकायची. दिवसभर गिऱ्हाइकांशी तोंड वाजवून आलेली ती बाई घरी येऊन टोपली उतरवता उतरवता विचारायची, "आज कोनावर आलाय राग? का अजून ठरवायचाय?"

न्हावा-शेव्याला बंदर झाल्यापासून दयाराम तिकडच्या एका कंटेनरच्या यार्डात राखणदार होता. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे वाईट नजरेने बघायचं आणि महिन्याला पगार घ्यायचा, असं ते काम. देवाने माणूस बघूनच नोकरी दिली होती म्हणा ना. पण त्याचा जीव नोकरीत नव्हता. जीव होता बँडात.

हा स्वभाव त्याला उपजत होता की नंतर जडला, सांगणं कठीण आहे. पण कोन गावच्या एका लग्नातली गोष्ट तो स्वतःच सांगायचा. हळदीला बाजा तोंडाला लावला आणि ओठांची आग आग झाली. माउथपीसला मिरची लागलेली होती. ओठ वांग्यासारखे सुजले आणि अख्खी हळद त्याने बाजा नुसता खांद्याला धरून काढली. हे काम क्लॅरनेटवाल्या विठूचंच, असं त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं, कारण विठू हसला होता. तसे सगळेच हसले होते, पण विठू आधी हसला, असं दयारामचं म्हणणं. त्या दिवसापासून माउथपीस दिवसा त्याच्या खिशात आणि झोपताना उशाखाली असे.

बँड होता धर्मराज मास्तरांचा. मास्तर तरुणपणी पुण्याला पलटणीच्या बँडात होते. तिथून परतले आणि त्यांनी कोळीवाड्यातली फुंकणारी पोरं गोळा करून आपला बँड उभा केला. पनवेलपासून उरणपर्यंत, एकेकाळी मास्तरांच्या बँडशिवाय नवऱ्याला हळद लागत नसे. चाली स्वतः बांधायचे, बोटभर जाडीची काळी छडी हलवत पुढे चालायचे. मग बेंजो पार्ट्या आल्या. वायर जोडली की चार माणसांत चाळिसांचा आवाज. नव्वद साल उलटलं तोवर माणसं गळत गळत फुंकणारे तिघंच उरले. क्लॅरनेटवर विठू, ट्रंपेटवर रिक्षा चालवणारा कल्पेश आणि मोठ्या पितळी बाजावर दयाराम. त्या बाजाचं खरं नाव युफोनियम. कोळीवाडा त्याला भोंगा म्हणायचा, आणि त्यातही दयारामला टोमणा ऐकू यायचा.

त्र्याण्णव सालच्या दिवाळीनंतर मास्तरांनी अंथरूण धरलं. छाती गेली होती. पायरी चढायचा दम नव्हता तिथे फुंकायचा कुठून येणार? अशात एका संध्याकाळी त्यांनी दयारामला एकट्याला बोलावून घेतलं.

"दया," ते म्हणाले, "जल्मभर लोकांच्या पायांसाठी वाजवलं. आता एक कानांसाठी बांधतोय. तिघांनी बसून वाजवायचं. ढोल नाय, ताशा नाय. नवरा नाय, नवरी नाय. ऐकणारा पन बसलेला. पलटणीत हुतो तवा सायबांच्या मेसमदी ऐकलंवतं. चार जन खुर्च्यांवर बसून वाजवत हुते आनि कोनी हलत नव्हतं. तवापासून डोक्यात हाय. ही माझी शेवटची चाल. एकदा ऐकली का मी मोकळा."

"मंग तिघांना एकदमच शिकवा की," दयाराम म्हणाला.

"तितंच तर घोळ हाय. तुमी बँडवाले. चाल कानावर पडली का सगळे तिच्याच मागं धावता, मंग तिघांच्या तोंडातून एकच निघतं. यात तिघांचं तीन वेगळं हाय. ज्याचं त्याला पक्कं झालं का एकत्र बसवीन. तवर कोनी कोनाचं ऐकायचं नाय. एकवीरा आईची शपथ घे."

दयारामने शपथ घेतली. घेताना मनात एकच होतं, बाकीचे दोघं काही ही शपथ पाळायचे नाहीत.

मास्तरांना सूर कागदावर लिहिता येत होते, पण तिघांपैकी एकालाही वाचता येत नव्हते. मग लिहायचं कोणासाठी? बँडात सगळं तोंडी चालतं. मास्तर उशीला टेकून गाऊन दाखवायचे, धाप लागली की थांबायचे, समोरच्याने तेवढं फुंकायचं. कल्पेश सकाळी रिक्षा काढण्याआधी जायचा, विठू दुपारी, दयाराम संध्याकाळी. मास्तरांची बायको गुणाबाई तेव्हा सुकी मासळी घेऊन बाजारात बसलेली असायची, त्यामुळे घरात मास्तर आणि दयाराम दोघंच.

आणि दयारामच्या वाटणीला आलं काय? एक लांब, खालचा सूर. मग गप्प. मग आणखी लांब सूर, त्याच्या जरासा वर. पुन्हा गप्प. मास्तर बोटाने चादरीवर ठोके मोजत राहायचे आणि हा गाल फुगवून नुसता वाट बघत बसायचा.

"मास्तर, याच्यात चाल कुठं हाय?"

"हाय. तू तुझं धर."

"पन मी नुसता हंबरतोय."

"हंबर. पन वेळेवर हंबर," मास्तर म्हणाले आणि हसता हसता खोकत सुटले.

दयारामला त्या हसण्यात काहीतरी दिसलं. घरी जाताना त्याच्या मनात संशयाची पाल जी चुकचुकली ती चुकचुकतच राहिली. मास्तर चालले. मागे बँड कोणाला? छडी कोणाला? उघड आहे, ज्याला चाल दिली त्याला. आपल्याला हंबरायला बसवलंय म्हणजे आपल्या तोंडाला पानं पुसलीत. वीस-बावीस वर्षं त्या भोंग्याचं ओझं खांद्यावर वाहिलं त्याचं हे फळ.

त्यात त्याने एक दृश्य पाहिलं. एस.टी. स्टँडसमोरच्या हॉटेलात विठू चहा पीत होता, आणि समोर कोण? उरणच्या बेंजो पार्टीचा म्होरक्या. दोघं टेबलावर वाकून बोलत होते. विठूने दयारामला पाहिलं, हात केला, "ये, च्या घे," म्हणाला. मनात काही नसतं तर त्याने चहाला बोलावलं असतं का, असा प्रश्न दयारामला पडला. तुम्हा-आम्हाला उलटा पडला असता.

"विठू मास्तरांची चाल बेंजोवाल्यांना इकनार," त्याने घरी येऊन मालूला सांगितलं.

"तुमाला कोनी सांगलं?"

"सांगायला कशाला पायजे? दिसतंय."

"तुमाला सगळंच दिसतं," मालू म्हणाली. "तेवढा चुलीवरचा भात करपतोय तो बघा."

रात्रपाळी असली की दयारामची दुपार मोकळी असायची. मास्तरांच्या घरामागे गुणाबाईने दोऱ्या बांधून बोंबील वाळत घातलेले असत. त्या दोऱ्यांच्या आड भिंतीला लागून उभं राहिलं की खिडकीतलं सगळं ऐकू येतं, हे त्याने दोन दिवसांत शोधून काढलं. शपथ मोडतोय असं त्याला वाटलंच नाही. चोरावर नजर ठेवणारा चोर कसा? राखणदारीच करतोय आपण, यार्डात करतो तशी.

आणि मग त्याने विठूची चाल ऐकली. मास्तर फाटक्या आवाजात गात होते, विठू मागून वाजवत होता. चाल चार पावलं वर जायची, थबकायची, जणू मागे वळून कोणाची तरी वाट बघायची, आणि मग पुढे सरकायची. तशी चाल मास्तरांनी कधी बांधली नव्हती. बोंबलांचा वास नाकात, माशा तोंडावर, आणि दयारामच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. क्षणभर तो संशय विसरला. मग पुसले डोळे आणि संशय दुप्पट झाला. इतकं चांगलं विठूला, आणि मला हंबरणं!

तेव्हापासून तो रोज दुपारी तिथे. ऐकलेलं डोक्यात घोळवत यार्डात जायचा आणि कंटेनरांच्या मधल्या गल्लीत भोंग्यावर विठूची चाल घटवायचा. मोठ्या बाजावर ती अवघड होती, बोटं अडखळायची, पण त्याने सोडली नाही. संध्याकाळी मास्तरांसमोर आपले लांब सूर तो कसेबसे, मन लावल्याचं सोंग आणून फुंकायचा. घरी त्यांना हातही लावायचा नाही.

गुणाबाईने त्याला एकदा दोऱ्यांआड पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती बाजारात मालूला म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला बोंबील पायजे तर मागून ने म्हनावं. मागून येऊन काय उबा ऱ्हातो?" मालूने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा दयारामच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. लोक किती संशयी असतात, असं म्हणून तो तिच्यावरच खेकसला.

पौषातल्या एका दुपारी मास्तरांनी तिघांना एकत्र बोलावलं. शेजारून तीन खुर्च्या आणल्या होत्या. मास्तरांनी दाढी करवून घेतली होती आणि बँडचा लाल कोट अंगावर चढवला होता. तो त्यांना आता फार मोठा व्हायचा. गुणाबाई दारात पाय पसरून बसली. "काकी, आज तू पन बसून ऐकायचं," कल्पेश म्हणाला. "मी काय नाचतेय?" ती म्हणाली.

मास्तरांनी बोट उचललं. विठूने सुरुवात केली, हळू, एकटाच. चाल चार पावलं वर गेली. कल्पेशने ट्रंपेट खाली धरून तिला अगदी मऊ जबाब दिला. चाल थबकली. मास्तरांनी डोळे मिटून बोट दयारामकडे वळवलं.

दयारामला हंबरायचं नव्हतं. त्याने छाती भरून घेतली आणि विठूचीच चाल उचलली, भोंग्याच्या पूर्ण दणक्यात.

विठूने चमकून बघितलं. पण बँडातल्या माणसाची चाल कोणी ओढून घेतली की तो सोडत नाही, आणखी जोर लावतो. तेच विठूने केलं. कल्पेश दोघांना एकच वाजवताना बघून गोंधळला, आणि गोंधळलेला बँडवाला काय करतो ते मास्तरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तोही चालीमागे धावला. तिघांच्या तोंडातून एकच निघायला लागलं, जोरात आणि ठेक्यात. शेजारची माणसं कौतुकाने दारात आली. कोणीतरी टाळी धरली. एका बाईचा पाय हलायला लागला.

मास्तरांनी हात वर केला होता. तो त्यांनी हळूहळू खाली घेतला आणि संपेपर्यंत ऐकून घेतलं.

"चांगलं वाजवता," ते म्हणाले. "वरातीत चालंल."

विठू खाली मान घालून क्लॅरनेट पुसत होता. कल्पेशला काय झालं तेच कळलं नव्हतं. मास्तर दयारामकडे वळले. आवाजात राग नव्हता, तेच दयारामला टोचलं.

"तुझं कुठं गेलं रं?"

"इसरलो, मास्तर."

"बरं. उद्या ये सांजचा. परत सांगतो."

दयाराम दुसऱ्या दिवशी गेला नाही. का गेला नाही म्हणाल, तर त्याला सगळं स्वच्छ दिसत होतं. मास्तर एकट्याला कशाला बोलावतील? बोंबलांमागचं गुणाबाईने सांगितलेलं असणार. विठूलाही बसवलेलं असणार. सगळ्यांदेखत भोंगा काढून घेणार आणि हाकलून देणार. आपण होऊन मान पुढे करायला तो काय खुळा होता? त्याने साहेबाला सांगून संध्याकाळची पाळी मागून घेतली. तिसऱ्या दिवशीही. मालूने दोनदा सांगितलं, "मास्तरांनी निरोप धाडलाय." तो म्हणाला, "धाडनारच."

त्या आठवड्याच्या शेवटी मास्तर गेले. बँड घेऊनच त्यांना नेलं. दयाराम सगळ्यांत मागे चालत होता आणि माणसं आपल्याकडे बघताहेत असं त्याला वाटत होतं. खरं म्हणजे कोणी बघत नव्हतं.

दहाव्यानंतर गुणाबाईने तिघांना घरी बोलावलं. "त्यांचं ते एकदा नीट वाजवा," ती म्हणाली. "तितंच बसून. मना तरी कळूदे काय हुतं ते." मग दयारामकडे बघून साध्या आवाजात म्हणाली, "तू येशील म्हनून बसून ऱ्हायचे रं. गोळी घेत नव्हते. गोळीनं झोप येते, दया आला तर सांगनार कोन, म्हनायचे."

नजर कुठेतरी टेकवायची म्हणून दयाराम मागच्या दाराबाहेर बघत राहिला. बोंबलांची एक दोरी मध्ये लोंबू नये म्हणून गुणाबाईने तिला खालून टेकू दिला होता. टेकू म्हणजे मास्तरांची काळी छडी. मीठ चढून पांढरी पडलेली, खवले चिकटलेली. ती कोणाला मिळणार म्हणून तो जळत होता, आणि तिच्याच शेजारी तो रोज दुपारी उभा राहिला होता.

"ही छडी इथं कवापासून?" त्याने विचारलं.

"त्यांनी अंथरून धरलं तवापासून. 'तुझ्या कामाला घे' म्हनाले. का, तुला पायजे?"

त्याने मान हलवली. नको होती.

ते तीन खुर्च्यांवर बसले. मास्तरांची उशी तशीच पलंगावर होती. विठूने सुरुवात केली. चाल चार पावलं वर गेली. कल्पेशने मऊ जबाब दिला. चाल थबकली, आणि विठू थांबला.

"इथं मास्तर नेमी म्हनायचे," विठू म्हणाला, "थांब, इथं दयाराम येतो. तो आला का मंग तू पुढं जा. त्याच्याबिगर पाय टाकू नको."

दयारामने बाजा तोंडाला लावला. पहिला खालचा लांब सूर त्याला आठवत होता. तो त्याने धरला. आणि विठूची थबकलेली चाल त्याच्यावर पाऊल ठेवून अशी काही पुढे गेली की दारातली गुणाबाई ताठ बसली. दयारामच्या अंगावर काटा आला. हे हंबरणं नव्हतं. ही जमीन होती, ज्यावर बाकीचे दोघं उभे राहणार होते. मास्तरांनी त्याला सगळ्यांत खालची, सगळ्यांत भरवशाची जागा दिली होती.

मग दुसऱ्या सुराची वेळ आली आणि तो नव्हता. किती वर? किती वेळ गप्प? डोक्यात चाचपून बघितलं तर तिथे सगळीकडे विठूची चाल, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक सूर न चुकता. बोटं तिकडेच पळायला लागली. त्याने बाजा खाली घेतला.

"परत घेऊ," विठू म्हणाला. परत घेतलं. पुन्हा एक सूर, आणि पुढे खड्डा. कल्पेश म्हणाला, "दयाभाऊ, घाई नाय." तिसऱ्यांदा घेतलं. तिथेच.

"विठू," दयाराम शेवटी काकुळतीला येऊन म्हणाला, "तू तरी ऐकलं असशील माझं. कदीतरी. खिडकीतून, वाटेनं जाताना. सांग ना रं काय हुतं पुढं."

विठूने त्याच्याकडे नवलाने बघितलं. "मी कसं ऐकीन? शपथ घेतलीवती ना."

दयारामने कल्पेशकडे पाहिलं. कल्पेशने कानाच्या पाळीला हात लावला. "आईची शपथ घेऊन कोन ऐकल, दयाभाऊ?" गुणाबाई त्या वेळी रोज बाजारात असायची. आयुष्यात पहिल्यांदा दयारामला वाटलं, यांतलं एखादं तरी माणूस आपल्यासारखं लबाड निघायला हवं होतं.

घरी येऊन त्याने हे सगळं मालूला सांगितलं. छडीचं, गोळीचं, शपथेचं. विठू बेंजोवाल्याला का भेटला होता तेही आता कळलं होतं. तो म्होरक्या त्याचा साडू होता. मालू म्हणाली, "आता सांगतेच. कोनच्या लग्नातला तो तुमचा माउथपीस मीच धुतलावता. मसाला वाटून झाल्यावर. हाताला लागली हुती मिरची."

"मंग तवाच का नाय बोललीस?"

"तुमी घरात शिरता शिरताच विठूचं नाव घेतलं. मना वाटलं, हुईल दोन दिवसांत शांत."

दयाराम चिडला नाही. खिशातून माउथपीस काढून त्याने खिडकीत ठेवला आणि पुन्हा कधी उशाखाली घेतला नाही.

पुढे वर्षानुवर्षं यार्डातल्या त्या गल्लीत तो मास्तरांचे सूर शोधत राहिला. कधी एखादा सापडायचा. खालचा, मग जरासा वरचा, मध्ये गप्प. बरोबर वाटायचा. दर वर्षी मास्तरांच्या तिथीला तिघं त्यांच्या खोलीत खुर्च्या मांडून बसायचे. दयाराम नवा सापडलेला सूर फुंकून दाखवायचा, विठू त्यावर पाऊल टाकून बघायचा, आणि कधी कधी ते इतकं जुळायचं की गुणाबाई पदराने डोळे टिपायची.

"हेच हुतं, दया," विठू म्हणायचा. "हेच असनार."

आणि दयाराम बाजा मांडीवर घेऊन बसून राहायचा. साऱ्या जगावरून उठून संशय आता त्याच्या एकट्यावर येऊन बसला होता. हा सूर मास्तरांचा की आपणच मनाने लावलेला? विचारायचं तर एकाच माणसाला विचारता आलं असतं. आणि त्या माणसाने दोनदा निरोप धाडला होता.